तिसरी प्रतिमा

शनिवारी सकाळी नवा कॅमेरा घरी आला. पिशवी उघडायच्या आधी मी दोनदा हात धुतले.

"ऑपरेशन आहे का?" नवऱ्याने विचारलं.

"त्याहून मोठं. मध्ये बोलू नकोस."

मी डोळे तपासते, चष्म्याचे नंबर काढते. 'आता स्पष्ट दिसतंय, की मघाशी?' हे लोकांना विचारण्यात माझी बावीस वर्षं गेली. तोच प्रश्न आता मला स्वतःला विचारायचा होता, दोन कॅमेरे समोर ठेवून. माझा जुना डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा चौदा वर्षांचा. कडांचा काळा रंग उडून पितळ दिसायला लागलेलं, मागचा पडदा इवलासा, आणि उजेड जरा कमी झाला की फोटोत वाळू सांडल्यासारखे ठिपके. नवा त्याच घराण्यातला, पण तरणाबांड. दुकानातले काका कॅमेरे विकतात आणि दुरुस्तही करतात. ते म्हणाले होते, "दोन दिवस घरी न्या. पटला तर जुना मला देऊन टाका, नाही पटला तर हा परत आणा. घाई नाही."

घाई नव्हती त्यांना. मला रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता.

या कॅमेऱ्यांची गंमत अशी, की ते आपणहून फोकस करत नाहीत. डोळा लावायचा, की मध्ये एक छोटी उजळ चौकट दिसते. तिच्यात समोरच्या माणसाच्या दोन प्रतिमा असतात, एकमेकींपासून जरा सरकलेल्या. लेन्सवरची कडी फिरवत त्या एकमेकींवर आणायच्या. जुळल्या की फोकस झाला, आणि माणूस किती अंतरावर आहे तेही कडीवर वाचता येतं. निव्वळ भूमिती. म्हणून तर माझा जीव यात अडकला.

चाचणीही मी रीतसर ठरवली होती. दिवाणखान्यात खिडकीजवळ नवऱ्याची खुर्ची. तिच्यापासून टेपने मोजून तीन मीटरवर मी जमिनीला चिकटपट्टी लावली. पट्टीवर उभं राहायचं, एकदा जुन्याने फोटो, एकदा नव्याने. नवरा पुस्तक घेऊन बसला.

"हसू का?"

"खुर्चीसारखा बस."

आधी नवा. प्रतिमा जुळल्या, कडीवर बरोबर तीन मीटर. काय तो स्वच्छ उजेड! मी मनातल्या मनात उडी मारली. मग जुना. त्यातही तीन मीटरवर नवऱ्याच्या दोन प्रतिमा जुळून एक झाल्या.

पण चौकटीत आणखी एक उरली.

फिकट, खिडकीच्या काचेवर पडणाऱ्या प्रतिबिंबासारखी. मला वाटलं, कॅमेऱ्याच्या आतला आरसा हलला असेल. सवयीने कडी थोडी पुढे फिरवली. अडीच मीटरवर नवरा पुन्हा दुभंगला, आणि ती तिसरी प्रतिमा ठळक झाली. तोच शर्ट, तेच पुस्तक मांडीवर. फक्त नवरा पुस्तकात बघत होता आणि ती माझ्याकडे.

मी कॅमेरा खाली घेतला. तो शांतपणे वाचत होता.

"मान वर केलीस का आत्ता?"

"खुर्ची कधी मान वर करते का?"

खरं सांगते, मला भीती वाटली नाही. मला आनंद झाला! एखाद्या पेशंटच्या डोळ्यात कधी न पाहिलेलं काही सापडावं तसा. मी आधी माझेच डोळे तपासले. एक झाकून, दुसरा झाकून, चष्मा घालून, काढून. काही दोष नाही. कपाटाकडे, कुंडीकडे, दाराच्या कडीकडे बघितलं. सगळीकडे दोनच प्रतिमा, व्यवस्थित जुळणाऱ्या. फोटो काढले, फोटोत एकच नवरा, पुस्तकात डोकं घातलेला.

मी वही काढली आणि लिहिलं: सकाळी दहा, अडीच मीटर. जेवणानंतर पुन्हा बघितलं तेव्हा दोन मीटर वीस. चहाच्या वेळी एक नव्वद.

नवरा मात्र दर वेळी त्याच खुर्चीत, दोन बोटंही पुढे आला नव्हता.

संध्याकाळी मी जुना कॅमेरा काकांकडे नेला. सगळं नाही सांगितलं. म्हटलं, प्रतिमा दोनाच्या तीन दिसतात. त्यांनी तो भिंतीवरच्या तक्त्यासमोर धरला, पेचकसाने झाकण उघडून आत बघितलं, पुन्हा बंद केला.

"आरसा जागच्या जागी आहे, ताई. केसाइतकाही फरक नाही. तुम्हीच बघा."

मी काकांवरच फोकस केला. काका दोन, मग काका एक. बाकी काही नाही.

"घरात काही चमकतं का? काच वगैरे?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले, आणि पहिल्यांदाच मला घरी जायचं जिवावर आलं.

रविवारी सकाळी एक मीटर दहा.

आता चौकटीत ती तिसरी प्रतिमा छातीपर्यंतच दिसत होती. नवऱ्याचाच चेहरा, सत्तावीस वर्षं रोज बघितलेला. पण त्यावर ओळख नव्हती. अनोळखी घराच्या दारात उभा राहिलेला माणूस आत डोकावतो, तसा तो बघत होता. मी वही बंद केली.

नवा कॅमेरा उचलला. त्यात एकच नवरा, तीन मीटरवर, जांभई देणारा. माझा जीव भांड्यात पडला.

"ठरलं," मी मोठ्याने म्हणाले. "नवा ठेवते. जुना उद्या काकांना."

"शेवटी एकदाचं ठरलं!" तो पुस्तक बाजूला ठेवून उठला. मग मी दोन तास नुसती बागडत होते. नव्या कॅमेऱ्याने गच्चीवरचे कपडे टिपले, खालच्या गल्लीतली सायकल टिपली, कपातल्या चहावरची साय टिपली. जे दिसत नाही ते नाहीच, असं स्वतःला बजावत होते, आणि ते जमतही होतं.

दुपारी मी जुना पिशवीत घालायला घेतला, तर नवऱ्याने हातातून काढून घेतला.

"चौदा वर्षं याने सगळ्या जगाचे फोटो काढलेस. तुझा एक तरी आहे का याच्यात?"

"नको रे."

"एकच. जाता जाता. बस तिकडे."

नाही म्हणायला कारण सुचेना. मी खुर्चीत बसले. तो पट्टीवर जाऊन उभा राहिला. मी त्याचे पाय पाहिले. दोन्ही टाचा बरोबर पट्टीवर, माझ्यापासून तीन मीटरवर. त्याने डोळा लावला आणि कडी फिरवू लागला.

बराच वेळ फिरवत राहिला.

"जुळलं का?" मी विचारलं.

"जुळत आलंय. कडी पुढे जात नाही आता."

"आकडा किती आहे?"

"सत्तर सेंटिमीटर. याच्या जवळचं हा दाखवतच नाही वाटतं."

मी खुर्चीचे हात घट्ट धरले. हललेसुद्धा नाही.

"अगं, नुसता चेहराच येतोय चौकटीत," तो म्हणाला. "जरा मागे हो ना."

आणि डोळा कॅमेऱ्यालाच ठेवून तो स्वतः एक पाऊल मागे सरकला.