वाळत घातलेली खापरं

"अहो मॅडम, हलू नका! पाय चुकला तर थेट सतराव्या शतकात पडाल."

निशिगंधा दचकून मागे सरकली. ती चराच्या अगदी काठावर टेकली होती. खाली, गुडघाभर खड्ड्यात, मातीने माखलेला एक तरुण ब्रश हातात घेऊन तिच्याकडे बघत होता.

"सतराव्या शतकाला कुंपण तरी घालायचं!"

"दोरी बांधलीये की."

"ती मला कपडे वाळत घालायची वाटली."

तो हसला. साईराज त्याचं नाव. रत्नागिरीचा, पुरातत्त्ववाल्यांच्या तुकडीतला, बोलायला लागला की न थांबणारा.

वरसाव्याजवळच्या त्या जुन्या पोर्तुगीज बागेत ती तीन महिने दर रविवारी येऊन बसत होती. आई गेल्यापासून बेव्हर्ली पार्कच्या घरात बाबा टीव्हीकडे बघायचे आणि ती भिंतीकडे. त्यापेक्षा खाडीचा दमट वारा बरा.

साईराजने तिला सगळी बाग नव्याने दाखवली. कोरडा हौद, दगडी पन्हळ, अर्धी गाडली गेलेली पायरी.

"इथून पाणी यायचं. आणि इथे संध्याकाळी कुणीतरी येऊन बसत असणार... तुमच्यासारखं. तोंड पाडून."

ती खळखळून हसली, आणि लगेच तिला अपराध्यासारखं वाटलं. आईला जाऊन पुरते चार महिनेही झाले नव्हते.

मग ती दर रविवारी खापरं धुवायला येऊ लागली. तो खणायचा, ती बादलीत ब्रशने माती काढून सुपात वाळत घालायची. बोटं थंडगार पडायची, तरी उठावंसं वाटायचं नाही. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांना कळलं नाही. आत्माराम माळ्याला मात्र बरोबर कळलं.

"पोरी, तो मार्चात चाललाय. तुला ठाव हाय ना?"

ठाऊक होतं. परवानगी एकाच मोसमाची होती. चर बुजवायचे आणि साईराजने विदर्भातल्या उत्खननावर जायचं. खालच्या थरात पोर्तुगीजांच्या आधीचं काही सापडलं, तरच आणखी एक वर्ष.

"सापडू दे," ती एकदा पुटपुटली.

"बागेसाठी?" त्याने डोळे बारीक करून विचारलं.

"मग काय... तुझ्यासाठी?" म्हणत तिने मान बादलीत घातली.

शेवटच्या रविवारी खालचा थर लागला. वरच्या थराची खापरं एका सुपात, खालची दुसऱ्या सुपात. वाळली की साईराज त्यांच्यावर थराचे नंबर घालणार होता. तो कॅमेरा आणायला गेला आणि भलत्याच दिवसात आभाळ भरून आलं. टपटप थेंब पडायला लागले.

वाळत घातलेल्या कुरडयांवर थेंब पडला की हाताला लागेल ते गोळा करून आत पळायचं, हे आईने तिच्या हातांना शिकवलेलं. तिने दोन्ही सुपं एका टोपलीत उपडी केली आणि शेडकडे धावली. चारशे वर्षं मातीत भिजलेली खापरं आणखी थोडी भिजली असती तर काय बिघडणार होतं, हे तिला टोपली खाली ठेवल्यावर सुचलं.

साईराज आला. टोपलीकडे बघून त्याचा चेहराच उतरला, पण तो ओरडला नाही. त्यामुळे तिला जास्तच रडू आलं.

त्याने एक निळ्या झिलईचं खापर उचललं. असं त्याला आजवर इथे मिळालं नव्हतं.

"हे खालच्या थरातलं असेल, तर मी थांबतोय. तूच धुतलंयस, निशी. कुठल्या सुपातलं? तू सांगशील ते लिहितो."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. 'खालच्या' एवढंच म्हणायचं होतं. एक शब्द, आणि हा माणूस वर्षभर तिचा. तिला वाटतही होतं की ते खालच्याच सुपात होतं... पण ते आठवत होतं की हवं होतं म्हणून वाटत होतं?

"नाही आठवत," ती म्हणाली. "खरंच नाही आठवत."

त्याने वहीत लिहिलं: थर अनिश्चित. पेन बंद करायला त्याला बराच वेळ लागला.

"हो म्हणाली असतीस, तर मी पुन्हा विचारलं नसतं."

"माहितीये. म्हणून तर नाही म्हटलं. मला तू हवायस, साईराज... पण थाप मारून अडवलेला नको."

त्याने तिचा थंड, चिखलाचा हात दोन्ही हातांत धरला. पहिल्यांदाच.

"मलाही तूच हवी होतीस. पहिल्या दिवसापासून. खापरं काय... ती निमित्ताला होती."

तिने विचारलं, "विदर्भातनं परत येशील ना?"

तिथून पुढे कुठे पाठवतील हे साईराजच्या हातात नव्हतं, आणि नुकतंच तिने त्याच्यासमोर खरं बोलून दाखवलं होतं.

"खात्रीने... नाही सांगता येत."

तिने मान हलवली. निदान एवढ्यापुरतं तरी त्याने खोटं बोलायला हवं होतं, असं तिला फार फार वाटलं.