आईच्या खाटेखालची फरशी

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. कुणी असलं काही सांगायला लागलं की पहिली फिस्सकन हसणारी मीच. त्यामुळे पुढचं वाचून तुम्ही हसलात तरी मला राग येणार नाही. पण हे घडलंय. आमच्याच घरात, माझ्या डोळ्यांदेखत.

आणि रात्री नाही. गेलेली वीज, रडणारं कुत्रं, असलं काहीच नव्हतं.

भर दुपार होती. खिडकीतून ऊन आत आलं होतं.

सुरुवातीपासून सांगते.

आईला दम्याचा जुना त्रास. गेल्या हिवाळ्यात दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "ओल असलेल्या खोलीत यांना अजिबात ठेवू नका. पुढचा झटका यांना झेपणार नाही."

आमचं घर जुनं. जिना चढणं आईला अशक्य, आणि खाली तिच्यासाठी खोली एकच, मागची. तिथे साधा कोबा, आणि त्या कोब्याला बारा महिने ओल. म्हणून आईला तात्पुरतं मावशीकडे ठेवलं, आणि मी आणि दादाने ठरवलं की कोब्यावर फरशा बसवायच्या.

दादा माझा थोरला भाऊ. घरात त्याला सगळे इंजिनियर म्हणतात. तो इंजिनियर नाही. त्याने पंखा उघडून परत जोडला की स्क्रू उरतात, म्हणून म्हणतात.

"मिस्त्री कशाला? मीच बसवतो," तो म्हणाला.

"तू लावलेलं शेल्फ अजून वाकून नमस्कार करतंय."

"शेल्फ भिंतीवर असतं. जमीन कुठे पडणार आहे?"

दुसऱ्या दिवशी आम्ही फरशा बघायला गेलो.

फरशांच्या दुकानदाराने सांगितलं, आधी ओल कुठून येते ते बघा. कोब्यावर प्लॅस्टिक अंथरा, कडा चिकटपट्टीने बंद करा, दिवसभर तसंच ठेवा. खाली घाम धरला की समजायचं, ओल जमिनीतून येते.

तसं केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बघायला गेलो. मला वाटलं होतं, अख्खं प्लॅस्टिक भिजलेलं असेल.

कोरडं होतं.

फक्त भिंतीजवळ, एका जागी... ताटाएवढी वाफ.

"खालून पाइप गेला असेल," दादा गुडघ्यांवर बसत म्हणाला.

आम्ही बघत असतानाच ती वाफ विरली.

मग... परत आली.

परत विरली. परत आली.

लहान मुलं काचेवर 'हा' करतात ना, तसं.

"दादा, हे काय आहे?"

"हवेचा दाब." इंजिनियरला उत्तर आलं नाही असं कधी झालंय?

मी प्लॅस्टिकवर तळहात ठेवला. बाकीचा कोबा थंडगार होता. ती जागा कोमट होती. मी हात काढला आणि हसले. घाबरले की मला हसू येतं, ही माझी जुनी खोड.

दादाने प्लॅस्टिक काढलं. त्या जागी कोब्याला केसाएवढी चीर होती. मी वाकून कान लावला... आणि ओळखीचा आवाज आला. संथ. आत जाणारा, बाहेर येणारा.

हा आवाज आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. झरोक्यातून वारा येतो, असं समजायचो. आम्ही मस्ती करायला लागलो की आई म्हणायची, "घर घोरायला लागलं बघा. झोपा आता."

तो वारा नव्हता.

पण आईला आणायचं होतं. मावशीच्या घरात माणसं फार, आईची आबाळ होत होती, आणि फोनवर दर वेळी एकच प्रश्न, "झाली का रे माझी खोली?" आम्ही चीर सिमेंटने भरली. ओल अडवणाऱ्या औषधाचे हात दिले. वर फरशा बसवल्या. खरं सांगते, दादाने काम झकास केलं. आवाज मात्र येतच राहिला, तोंडावर पांघरूण घेतल्यासारखा दबका.

मग थापीच्या दांड्याने तो एकेक फरशी ठोकून बघायला लागला. खाली पोकळी राहिली असेल तर आवाजावरून कळतं.

टण. टण. टण.

ढब.

भिंतीजवळची, बरोबर त्या चिरेवरची फरशी.

त्याने ती उचकटली. खाली चिकटवायच्या मसाल्यावर दातेरी थापीच्या रेघा होत्या. मधोमध मात्र रेघा नव्हत्या. तिथला मसाला सपाट झाला होता... कुणीतरी खालून गाल टेकवल्यासारखा.

परत मसाला भरला, परत फरशी बसवली. दुसऱ्या दिवशी परत ढब.

"नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं," मी म्हणाले.

"आईला परवा आणायचंय," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात गंमत नव्हती.

या वेळी त्याने मसाला ठासून भरला. फरशीवर सिमेंटची गोणी ठेवली. सांधे भिंतीपर्यंत बुजवले. गोणी हलवून ठोकलं तेव्हा फरशी टण वाजली.

"आता हवासुद्धा जाणार नाही," तो हात झटकत म्हणाला.

आणि घर घोरायचं थांबलं.

एकदम.

आम्ही दोघंही ऐकत उभे राहिलो. खोलीत इतकी वर्षं कुणीतरी होतं आणि आत्ता उठून गेलं, असं वाटलं.

"झोप लागली असेल बिचाऱ्याला," मी म्हणाले.

दादा हसला नाही.

आई आली. खिडकीतला वारा बाधू नये म्हणून तिची खाट त्याच भिंतीला लावली. आणि काय सांगू, पहिल्याच आठवड्यात चमत्कार झाला. धाप नाही, खोकला नाही, घरघर नाही. "छातीवरचं ओझं कुणीतरी उचलून नेलंय गं," ती म्हणाली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. किती दिवसांनी जिवात जीव आला होता.

आईच्या हनुवटीवर एक केस उगवतो. तिचं आणि त्याचं हाडवैर. नजर अधू, त्यामुळे हातातला गोल आरसा ती अगदी नाकाला लावते आणि चिमट्याने केस शोधते. श्वासाने आरसा धूसर होतो, मग ती बाहीने पुसते आणि त्याला शिव्या घालते. वर्षानुवर्षं हेच चालू होतं.

त्या दुपारी मी तिच्याजवळ खुर्चीवर बसून कपड्यांच्या घड्या करत होते.

"आरसा नवीन आणलास का गं?" आई म्हणाली. "एरवी मेला सारखा धूसर होतो. आज बघ कसा लख्ख आहे."

मी मान वर केली.

आरसा तिच्या नाकाला टेकला होता. तिची छाती वर आली... खाली गेली.

आरसा लख्खच.

"आई, जरा त्याच्यावर 'हा' कर."

"कुक्कुलं बाळ आहे का मी?" पण तिने केलं. मोठ्याने, तोंड उघडून.

काही नाही. आरशात तिचा चेहरा स्वच्छ दिसत होता.

घडी घातलेला कपडा माझ्या हातातून पडला. तो उचलायला मी वाकले, आणि खाटेखाली नजर गेली.

भिंतीजवळच्या त्या फरशीवर वाफ होती. ताटाएवढी.

आईची छाती वर आली. वाफ विरली.

छाती खाली गेली...

वाफ आली.

मी दादाला खुणेने बोलावलं. तो खाटेजवळ बसून बराच वेळ बघत राहिला.

"त्याची वाट आपण बुजवली," तो पुटपुटला. "मग त्याने... आईची घेतली."

आम्ही आईला तिथल्या तिथे उचललं. मावशीकडे जाऊ म्हटलं. खोलीच्या उंबऱ्याबाहेर पाय पडला मात्र, तिने माझं मनगट आवळलं. तोंड उघडं, ओठ काळेनिळे, आवाज नाही. धावत परत खोलीत आणून खाटेवर ठेवलं. क्षणात गालांवर रंग आला.

"काय रे," ती हसत म्हणाली, "मला बाहेर नेणार होतात ना? कधी निघायचं?"

तिला काहीच आठवत नव्हतं.

मग दादा हातोडी आणि छिन्नी घेऊन खाटेखाली शिरला. एकच घाव घातला. फरशीचा कोपरा उडाला.

वर आई किंचाळली. दोन्ही हात छातीवर.

"अरे नको... तिथे नको मारूस. मला लागतंय."

तो कुठे घाव घालतोय हे तिला खाटेवरून दिसत नव्हतं.

दादाने हातोडी खाली ठेवली. त्यानंतर त्याने ती हातात घेतलेली नाही. आता पंखा बिघडला तरी मिस्त्रीलाच बोलावतो.

डॉक्टरीणबाई तपासायला घरी येऊन गेल्या. छातीला नळी लावून म्हणाल्या, "एकदम स्वच्छ. काय केलंत तुम्ही?"

"ओल घालवली," दादा म्हणाला आणि बाहेर निघून गेला.

आई मजेत आहे. दोन वेळा पोटभर जेवते, मला टोमणे मारते. खोलीबाहेर मात्र ती येत नाही, आणि आम्ही आणत नाही. मला भीती वाटते, रोज वाटते. ही भीती कुणाला सांगायची? आईची तब्येत उत्तम आहे म्हणून रडणारी मुलगी कुणी पाहिलीय का?

रोज सकाळी तिला हाक मारायच्या आधी मी खाली वाकते. तिच्या छातीकडे बघत नाही. फरशी बघते. वाफ जाते, वाफ येते, मगच चहा ठेवते.

आज गेली... आणि यायला वेळ लागत होता.

मी तिथेच गुडघ्यांवर बसून राहिले. वर आईला जाग आली होती.

"काय शोधतेस गं खाली?"

"काही नाही," मी म्हणाले, आणि वाट बघत राहिले.