चालू आहे का हे?

ही घटना शंभर टक्के खरी आहे.

नव्वद म्हणा. उरलेले दहा टक्के ताईने सांगितलेले आहेत. ताई खोटं बोलत नाही, पण सांगता सांगता मध्येच उठून दूध बघायला जाते.

भयकथेला रात्र लागते, याची मला कल्पना आहे. वादळ हवं, वीज गेलेली हवी, लांब कुठेतरी कुत्रं रडायला हवं. माझ्याकडे यातलं काही नाही. रविवारची दुपार होती. पंखा चालू होता. समोरच्या इमारतीत कुणीतरी गादी झटकत होतं. अशा वेळी माणूस फार तर झोपेला घाबरतो.

पण त्या दुपारनंतर मी बंद पडलेल्या यंत्रांकडे पाठ करून बसत नाही.

क्रमाने सांगतो.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिचे यजमान, आमचे भाऊजी, मागच्या वर्षी गेले. खुर्चीत बसल्या बसल्या, कुणालाही त्रास न देता. हयातीत त्यांनी एवढी सवलत कुणाला दिली नव्हती.

भाऊजी लिफ्ट तपासनीस होते. आयुष्यभर लोकांना सूचना दिल्या. निवृत्त झाले तेव्हा लोक संपले आणि सूचना शिल्लक राहिल्या. मग ते लॅपटॉपसमोर बसून घरातल्या एकेका वस्तूविषयी बोलायला लागले आणि ते रेकॉर्ड करून ठेवायला लागले. ‘मिक्सर, जळका वास येत असल्यास.’ ‘खिडकीच्या कड्या.’ ‘इस्त्री, भाग दोन.’ भाग एक कुणालाच सापडलेला नाही.

सुरुवात ठरलेली. घसा खाकरायचे आणि म्हणायचे, “हॅलो... चालू आहे का हे?”

स्वयंपाकघरातून ताई ओरडायची, “चालू आहे हो, बोला.”

मग भाऊजी बोलायचे. ताई तिकडूनच “हं” आणि “कळलं” म्हणायची. कळलेलं काहीच नसायचं. सगळं रेकॉर्ड व्हायचं.

भाऊजी गेल्यावर ताई रोज सकाळी त्यातलं एक लावायची. ओटा पुसता पुसता ऐकायची. त्यांचा आवाज तेवढ्याच ठिकाणी उरला होता. लग्नाच्या व्हिडिओवर छायाचित्रकाराने पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणी घातली होती, आणि फोनवर भाऊजी “ठेव” याखेरीज काही बोलत नसत.

दुसरीकडे प्रत कुठेच नव्हती. भाऊजींचं म्हणणं, एक वस्तू दोन ठिकाणी ठेवली की माणूस तिसरीकडे शोधतो.

गुरुवारी सकाळी लॅपटॉप सुरू झाला नाही.

काळा पडदा. त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ. ताईने मला ती फोनवर अक्षर अक्षर वाचून दाखवली. अर्थ एवढाच होता, की यंत्राला आपण कोण आहोत हे आठवत नाही.

“आवाज गेला रे त्यांचा,” ताई म्हणाली.

रडली नाही. लाइट गेली म्हणावं तसं म्हणाली. मला तेच जड गेलं.

लॅपटॉप दुकानात न्यायला तिने साफ नकार दिला. “यांना मी कुठे पाठवणार नाही.” म्हणून रविवारी दुपारी मी दुरुस्तीवाल्यालाच घरी घेऊन गेलो. पस्तिशीचा, बोलका, स्वतःवर खूश असलेला माणूस. ताईने त्याचं नाव विचारलं नाही, सरळ ‘डेटावाला’ म्हणायला लागली.

त्याने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर पालथा घातला. बॅटरी काढून बाजूला ठेवली. मागचं झाकण उघडलं. आत फुंकर मारली.

“मदरबोर्ड गेलाय, काकू. पण घाबरू नका. मशीन गेलंय, माणूस आत आहे.”

ताईने त्याच्याकडे पाहिलं.

“म्हणजे डेटा,” तो म्हणाला.

त्याने हार्ड डिस्क बाहेर काढली. पत्त्यांच्या कॅटएवढी असेल. ती केबलने माझ्या लॅपटॉपला जोडली. डिस्क फिरायला लागली.

टक... टक... टक...

“हा आवाज बरा नाही,” डेटावाला म्हणाला. “उचक्या आहेत शेवटच्या. जेवढं निघेल तेवढं काढून घेऊ.”

पडद्यावर हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. मध्येच थांबायची. थांबली की ताई टेबलाची कड धरायची. सरकली की सोडायची.

शेवटी पट्टी भरली.

सगळ्या फाइल आल्या होत्या. एकही कमी नाही. डेटावाला मागे रेलला, बोटं मोडली. “लावा काकू, कुठलीही लावा.”

ताईने ‘खिडकीच्या कड्या’ लावली.

आधी पंख्याची घरघर. मग खुर्ची कुरकुरली. भाऊजींचीच खुर्ची, ती आवाजावरून कुणीही ओळखेल. कुणीतरी श्वास घेतला.

मग... काहीच नाही.

आणि लांबून, स्वयंपाकघरातून, ताईचा आवाज. “चालू आहे हो, बोला.”

पुन्हा शांतता. पंखा. बाहेर एक स्कूटर गेली.

“हं.”

शांतता.

“हं. कळलं.”

शांतता.

“मग तुम्हीच लावा ना कडी. मी काय नाही म्हणतेय?”

आणि फाइल संपली.

आम्ही तिघेही पडद्याकडे बघत राहिलो.

भाऊजी त्यात नव्हते.

डेटावाल्याने दुसरी लावली. तिसरी लावली. ‘मिक्सर’मध्ये मिक्सर होता. ‘इस्त्री, भाग दोन’मध्ये पाण्याचा शिंतोडा उडून चर्र झालेलं ऐकू येत होतं. प्रत्येकात ताई होती, उत्तरं देत होती, वैतागत होती, एकदा तर हसली. कुणाला हसली, ते नव्हतं. संसार एका बाजूने ऐकला की बाई भिंतीशी भांडतेय असं वाटतं.

“बुधवारी सगळं नीट होतं,” ताई म्हणाली. “बुधवारी ‘मिक्सर’च लावलं होतं मी. मला आधी नावाने हाक मारतात त्यात.”

डेटावाल्याने मूळ डिस्कवरून लावून पाहिलं. तेच. डावा स्पीकर, उजवा स्पीकर, माझे इअरफोन. तेच.

“साहेब,” तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “फाइल खराब झाली तर सगळी खराब होते. खरखर येते, नाहीतर उघडतच नाही. पंखा राहिला, स्कूटर राहिली, आणि एकच माणूस वजा झाला... असं होत नाही.”

“मग झालं कसं?”

“मी होत नाही म्हणालो. कसं ते नाही म्हणालो.”

मी पदवीधर आहे. मी म्हणालो, काहीतरी तांत्रिक असेल. पदवीधर माणसाला एवढं म्हणता येतं.

ताई उठली. “चहा टाकते,” म्हणाली आणि आत गेली. तिची पाठ बघून मला वाटलं, आज भाऊजी दुसऱ्यांदा गेले. आणि या वेळी दार मी उघडून दिलं.

डेटावाल्याने केबल काढली. डिस्क थांबली.

टक... टक...

मग तेही नाही.

त्याने स्क्रू गोळा करायला घेतले. मी पंखा बंद केला, कारण कागदाचे कपटे उडत होते. पंखा बंद झाल्यावर खोली किती गप्प आहे ते कळलं. गादी झटकणाराही थांबला होता.

आणि तेव्हा...

टेबलावरच्या पालथ्या लॅपटॉपमधून बारीक खरखर आली.

डेटावाल्याचा हात हवेत थांबला. मी त्याच्याकडे पाहिलं. तो बॅटरीकडे बघत होता. बॅटरी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होती. डिस्क त्याच्या मुठीत होती. चार्जरची वायर गुंडाळून खुर्चीवर पडली होती.

खरखर वाढली.

कुणीतरी घसा खाकरला.

“हॅलो...”

डेटावाल्याने मूठ उघडून डिस्क पाहिली.

“...चालू आहे का हे?”

आणि स्वयंपाकघरातून, भांड्यात पाणी ओतता ओतता, ताई सवयीने म्हणाली, “चालू आहे हो, बोला.”

मग पाण्याचा आवाज बंद झाला.

ती दारात येऊन उभी राहिली. हातात चिमटा. तिने आमच्याकडे पाहिलंच नाही. ती टेबलाकडे बघत होती. खरखर चालू होती, लहान-मोठी होत, कुणी भिंतीपलीकडे बोलावं तशी. मला त्यातला एक शब्द लागला नाही. डेटावाल्यालाही नाही, हे त्याने नंतर न विचारता सांगितलं.

ताईला मात्र लागत असावा. कारण ती म्हणाली, “हं.”

थांबली.

“हं. कळलं.”

थांबली.

मग खरखर संपली, आणि आत चहाचं पाणी उकळायला लागलं.

डेटावाला धीट माणूस आहे. तो पळाला नाही. त्याला फक्त दुसरं गिऱ्हाईक आठवलं. जिन्यावरून तो एवढ्या वेगाने उतरला की त्याची एक चप्पल वरच्या पायरीवर राहिली. ती घ्यायला तो आजतागायत आलेला नाही. फोन केला तर म्हणतो, “असू दे साहेब, जुनीच होती.”

मी ताईला म्हणालो, “तू ऐकलंस?”

“तू नाही ऐकलंस?”

“खरखर ऐकली.”

“तुला कधी त्यांचं बोलणं नीट कळलंय?” ताई म्हणाली आणि दोन कप भरले.

मी म्हणालो, लॅपटॉप मी घेऊन जातो, कुठेतरी टाकून येतो, नवा आणू. ताईने माझ्यासमोर चहा ठेवला. मग लॅपटॉप सुलटा केला आणि पदराने त्याच्यावरची धूळ पुसली. झाकण न लावता, बॅटरी न बसवता. मग भाऊजींच्या खुर्चीसमोर नीट सरळ ठेवला.

“तुझ्या त्या प्रती तुझ्याकडेच ठेव,” ती म्हणाली. “त्यात मी एकटीच आहे.”

त्या प्रती अजून माझ्याकडे आहेत.

एकदा घरी लावल्या. दुपारीच. बायको आत कपड्यांच्या घड्या घालत होती. पंख्याची घरघर आली, खुर्ची कुरकुरली. मग ती नेहमीची शांतता... मी ऐकत होतो, काहीच नव्हतं, शपथ घेऊन सांगतो.

बायको आतून म्हणाली, “हॅलो काय? कोण आलंय?”

मी लॅपटॉप बंद केला. तिला म्हणालो, “कुणी नाही.”

“भाऊजींसारखा आवाज वाटला,” ती म्हणाली आणि पुढची घडी घालायला लागली.

त्यानंतर मी ते फोल्डर उघडलेलं नाही. डिलीटही केलेलं नाही. एकदोनदा बोट बटणापर्यंत गेलं. पण डिलीट करायचं म्हणजे नक्की कुणाला करायचं, हे कळेना.

ताई बरी आहे. खरं म्हणजे गेल्या वर्षभरात नव्हती इतकी बरी आहे. मी अधूनमधून जातो. जेवणाच्या टेबलावर ते पोकळ यंत्र तसंच असतं, आत काही नसलेलं. मी त्याच्याकडे तोंड करून बसतो. बोलता बोलता ताई मध्येच थांबते, मान किंचित वळवते. “हं,” म्हणते. मग माझ्याशी पुढे बोलायला लागते.

मला आता खरखरही ऐकू येत नाही. हे चांगलं की वाईट, ते ठरवायचं मी टाळतो.

मागच्या भेटीत धीर करून विचारलं. “ताई, काय सांगतात गं?”

“काय सांगणार? बेसिनखालचा नळ अर्धाच फिरवायचा. पूर्ण फिरवला की गळतो. रोज तेच.”

मी स्वयंपाकघरात जाऊन खाली वाकून पाहिलं. नळ नवा होता. चकचकीत, स्टीलचा, अजून कंपनीचं लेबल चिकटलेलं.

“अगं, हा तर बदललास की तू.”

“हळू बोल,” ताई म्हणाली. तिने दाराकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. “त्यांना कळलं, तर मग काय बोलतील ते?”

मी नळ पूर्ण फिरवून पाहिला.

गळत नाही.