मेणाची गोळी

"पिटकू, मान खाली घे! दिसशील ना!"

"पण ताई, मला काहीच दिसत नाहीये!"

"तू दिसू नकोस, एवढंच तुझं काम!"

मामाच्या कारखान्याच्या खिडकीखाली तिघं दबा धरून बसले होते: ताई, तिचा धाकटा भाऊ पिटकू आणि मामाचा मुलगा चष्मिश. कारखाना म्हणजे एकच खोली, सोन्याचे दागिने हाताने घडवायची. सकाळी तोलून दिलेलं सोनं संध्याकाळी पुन्हा तोललं जायचं, घडलेला दागिना आणि कानशीने पडलेला कीस मिळून. आठवडाभर ते रोज थोडंथोडं कमी भरत होतं. मामाची झोप उडाली होती आणि सुट्टीला आलेल्या आपल्या गुप्तहेरांना नुसता चेव चढला होता!

आत म्हातारे नाना एकटेच काम करत होते. पोलादी पट्टीच्या भोकांतून तार ओढायची, केसासारखी बारीक करायची, तिची इवली पानं वळवायची आणि फुंकणीने ज्योत फुंकून पानाला पान जोडायचं. चाळीस वर्षं ते हेच करत होते. सहा वाजले. हात धुवायला ते सवयीने कोपऱ्याकडे वळले आणि थबकले. तिथलं पितळी घंगाळ काढून मामाने गेल्या आठवड्यात पांढरंशुभ्र बेसिन बसवलं होतं. नानांनी तिथे हात धुतले, मेजावरची एक चिंधीची पुरचुंडी उचलली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली.

"सापडला चोर!" चष्मिश कुजबुजला.

"उद्या नीट बघू या ना," पिटकू म्हणाला. "नाना चांगले आहेत."

"उद्या? उद्यापर्यंत पसार होतील!" म्हणत ताईने मामाकडे धूम ठोकली. आपण फार हुशार आहोत असं तिला तेव्हा वाटलं. पुढे कितीतरी दिवस तिला त्याच गोष्टीची लाज वाटत राहिली.

मामाने दारातच नानांना अडवलं. "नाना... जरा खिसा दाखवता?"

नानांनी खिसे उलटे केले. पुरचुंडी सोडली. आत मेणाची तपकिरी गोळी होती, बोराएवढी.

"चिमट्याने पान दबतं, म्हणून मेणाने उचलतो," ते मुलांकडे बघून शांतपणे म्हणाले. "गार पडलं की कडक होतं. अंगाशी ठेवलं की सकाळी मऊ असतं."

मामाची मान खाली गेली. "मग सोनं जातं कुठे, नाना?"

"ते तुम्ही शोधा. मी उद्यापासून येत नाही."

मेजावरच्या अर्ध्या घडलेल्या हाराशेजारी मेणाची गोळी ठेवून ते निघून गेले. त्या दिवशी तिघांपैकी कोणीच नीट जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यातून बोंब आली. "माझा दात! माझा दात गेला!"

पिटकूचा हलणारा दात चूळ भरताना थेट बेसिनच्या भोकात पडला होता. भोकावर जाळी बसवायची मामा विसरलाच होता.

"रडू नकोस, काढते," ताई म्हणाली. चष्मिशने खाली बादली धरली. ताईने बेसिनखालच्या वाकड्या पाइपचं झाकण फिरवलं. बदकन काळा गाळ पडला आणि गाळात दात.

"मिळाला!" पिटकू ओरडला. "पण हा चमकतोय का?"

चष्मिशने चष्मा पुसून पाहिलं. गाळसुद्धा चमकत होता!

"बाबा! धावत या!"

मामाने बादलीत डोकावलं आणि मटकन खालीच बसला. "नानांनी सांगितलं होतं मला! 'हाताचं, दागिन्याचं पाणी घंगाळातच राहू द्या, सोनं तळाशी बसतं.' मी म्हटलं, ते जुनाट डबडं बघून गिऱ्हाईक काय म्हणेल? सगळं माझ्याच हौसेपायी!" मग त्याने तिघांच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास रे! शोधलंत खरं!"

ताईला ती शाबासकी कडू लागली.

चौघंही नानांच्या घरी गेले. मामाने हात जोडले. ताई पुढे झाली. "नाना, मीच... मीच सांगितलं होतं," एवढंच कसंबसं म्हणाली.

"सोनं शोधलंत, हुशार आहात," नाना म्हणाले. "हार अर्धा राहिलाय. तो पुरा करतो."

घंगाळ जागेवर आलं. नानाही आले. पण त्या संध्याकाळी निघताना, कोणी न सांगता, त्यांनी दोन्ही खिसे उलटे करून दाखवले.

"नका हो नाना!" मामा कळवळून म्हणाला.

"असू दे," नाना म्हणाले. मेणाची गोळी मेजावर ठेवून ते गेले. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

सकाळी ती गोळी दगडासारखी झालेली असायची. म्हणून सुट्टी संपेपर्यंत ताई रोज सगळ्यांच्या आधी उठायची, मेजापाशी बसायची आणि नाना येईपर्यंत ती गोळी मुठीत घट्ट धरून ठेवायची.