आत्याची गाडी गप्प झाली त्याची गोष्ट

"ढकला रे, नुसते हात टेकून उभे राहू नका," आत्या खिडकीतून ओरडली.

"आम्ही ढकलतोय गं, गाडीच मनावर घेत नाहीये," चष्मिस धापा टाकत म्हणाला.

त्याच्या एका बाजूला तेरा वर्षांची ताई, दुसऱ्या बाजूला आठ वर्षांची चिंगी. गाडीत तीनशे पुस्तकं आणि गाडीचं वय आत्याच्या वयाहून थोडंच कमी. याच गाडीतून आत्या दूरच्या वस्त्यांवर वाचनालय घेऊन फिरायची. महिन्याभरात मात्र गाडीने पार मान टाकली होती. उभ्या जागी थरथरायची, आणि चढ दिसला की हातपाय गाळायची.

कशीबशी घरी आणली, तर बाबांनी निकाल लावून टाकला. "उद्या दहाला भंगारवाला येतोय. मिस्त्री म्हणतात, इंजिन संपलं."

"आणि आत्याचं वाचनालय?" ताईने विचारलं.

बाबा चपला शोधायला लागले. आत्या "बरं" एवढंच म्हणाली आणि एकच ताटली तीनदा घासत बसली. नवी गाडी तिला कुणी देणार नव्हतं. मुलांना फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की ताईचं डोकं जोरात चालतं.

"मागच्या महिन्यापर्यंत ही टिकटिक करत का होईना, चढ चढायची," ती म्हणाली. "मग बाबांना टिकटिक नकोशी झाली. मिस्त्रीकाकांनी ती बंद केली..."

"आणि तेव्हापासून गाडी आजारी," चिंगीने पुरं केलं.

चष्मिसने गाडीच्या खणातून जुनं माहितीपुस्तक काढलं. त्याला बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूरसुद्धा शेवटपर्यंत वाचायची खोड होती. "हे ऐका. इंजिनात हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा असतात. त्यांच्या टोकाशी केसाएवढी फट लागते. दर वीस हजार किलोमीटरला ती मोजायची. टिकटिक वाढली, ताकद कमी झाली, तर लगेच मोजायची. आणि इंजिन पूर्ण थंड असतानाच."

तिघं तडक गॅरेजात गेली. मिस्त्रीकाका चहा पीत होते.

"काका, झडपांची फट मोजली होती का तुम्ही?"

"मोजायची कशाला?" काकांनी कानाला हात लावला. "चाळीस वर्षं हे कान मोजताहेत. आवाज थांबेपर्यंत आवळत गेलो. तुझ्या बाबांनीच सांगितलं होतं, आवाज नको म्हणून."

"पण फटच उरली नाही, तर झडप पुरती मिटणार कशी? आणि मिटली नाही, तर ताकद तिथूनच गळणार ना?" चष्मिस म्हणाला.

काकांनी कप खाली ठेवला. "फार शिकलास रे."

"मग उद्या नऊला मोजून दाखवा," ताई म्हणाली. "आम्ही चुकलो, तर सुट्टीभर तुमचं गॅरेज झाडू."

झाडायला माणसं फुकट मिळताहेत म्हटल्यावर काका लगेच कबूल झाले.

खरी पंचाईत सकाळी झाली. भंगारवाल्याला चालती दाखवायची म्हणून बाबा आठलाच गाडी सुरू करून ठेवायला निघाले. इंजिन तापलं की मोजणी बोंबलली! पण किल्लीच सापडेना. बाबांनी कपाट उपसलं, गादी उलटी केली, फ्रिजसुद्धा उघडून पाहिला. चिंगी मात्र शहाण्यासारखी कोपऱ्यात बसून होती आणि तिच्या डाव्या मोज्यात काहीतरी टोचत होतं.

नऊला मिस्त्रीकाका आले. बाबांच्या कटकटीकडे कानाडोळा करून त्यांनी बॉनेट उघडलं, झाकण काढलं आणि पातळ पोलादी पात्यांचा जुडगा बाहेर काढला. ठरलेल्या मापाचं पातं फटीत घालून पाहिलं. जाईना. त्याहून पातळ पातं घेतलं. तेही जाईना. सगळ्यात पातळ पातंही अडलं, तेव्हा काकांचे ते चाळीस वर्षांचे कान लालबुंद झाले.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "सगळं आवळून टाकलं मी."

तासभर ते एकेक फट पात्याने मोजून नीट करत बसले. दहाला आलेला भंगारवाला वाट बघताना गाडीतलं एक पुस्तक काढून वाचायला लागला.

चिंगीने मोज्यातून किल्ली काढली. बाबांनी डोळे वटारले, पण आत्याने किल्ली झटक्यात घेतली. गाडी सुरू झाली. बारीक टिकटिक, थरथर अजिबात नाही. आत्या वरच्या चढावर जाऊन फेरी मारून आली, तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"झडप जळायच्या आत पकडलंत, पोरांनो," मिस्त्रीकाका म्हणाले. "पुढच्या वेळी मोजायला तुम्हीच या. झाडायला नको."

"आवाज मीच बंद करायला लावला," बाबा खजील होऊन म्हणाले. "शाबास रे तिघांची. किल्लीबद्दल रागवायचं राहिलंय, ते संध्याकाळी बघू."

"संध्याकाळी कसं? ही माझ्याबरोबर चाललीत, दोन वस्त्या राहिल्यात माझ्या," आत्या म्हणाली आणि तिने मुलांसाठी दार उघडलं.

भंगारवाल्याने पुस्तकातून मान वर केली. "बाई, निघण्याआधी वाचनालयात माझं नाव लिहून घ्या. हे वाचून झाल्याशिवाय मी काही परत देत नाही."