कुंदाचा उकिरडा

रावेरच्या केळी सोसायटीतून फोन आला तेव्हा अभिमन जळगावात आपल्या कॉम्प्युटर क्लासच्या खोलीत बसून चिवडा खात होता. दिवाळी सुरू झालेली, पोरांना सुट्टी, डोक्याला काही ताप नाही. पलीकडे सोसायटीचे मॅनेजर जीवराम नाना होते. नाना एरवी वावराच्या बांधावरून बोलावं तसे मोठ्यानं बोलायचे, पण आज त्यांचा आवाज अगदी खाली होता.

"अभिमनराव, सवड काढून या. तुमचा उकिरडा वाढू राह्यला."

"वाढतोय म्हणजे?"

"म्हंजे... वाढू राह्यला. या तुम्ही."

अभिमननं चिवड्याची वाटी बाजूला सारली. ती नंतर कोणी खाल्ली, खाल्ली की नाही, त्याला आठवत नाही.

त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ. इंग्रजीत हुकूम टाइप करायचा, एक अक्षर चुकलं की यंत्र ढिम्म. अभिमननं दोन वर्षं डोळे फोडून त्या डॉसवर, म्हणजे त्या काळ्या पडद्यावर, चित्रांचा एक पडदा चढवला होता आणि त्याला नाव दिलं होतं 'अंगण'. यंत्र सुरू केलं की शेतकऱ्याचं अंगण दिसायचं. भिंतीशी कणगी, तिच्यात ठेवलेलं जपून राहायचं. ओट्यावर टोपल्या, त्यांत रोजच्या कामाच्या नोंदी. आणि कोपऱ्यात नखाएवढा उकिरडा. नको ती नोंद माउसनं ओढत उकिरड्यावर नेऊन सोडली की पुसली जायची, ती कायमचीच. पुसण्याआधी "खरंच टाकू का?" असं विचारणारी एक पाटी त्यानं आधी केली होती. पण तिनं चित्र झाकलं जातं, अंगणाची शोभा जाते, म्हणून काढून टाकली. हौसेला मोल नसतं म्हणतात. इथं होतं, फक्त ते भरलं दुसऱ्याच कोणी.

सोसायटीनं कामाला ठेवलेली कुंदा ही बेबाबाईची एकुलती मुलगी. बारावी झालेली, बाप नाही, नोकरी लागली म्हणून आईनं गल्लीत पेढे वाटलेले. अभिमननं तिला शिकवलं, "काही उघडायचं असलं की त्यावर दोनदा टकटक करायचं, दारावर करतो तसं." पोरगी हुशार, दोन दिवसांत हात बसला. मग तिनं विचारलं, "भाऊ, हा उकिरडा उपसाचा कधी?"

शेतकऱ्याच्या घरात वाढलेलं कोणीही हेच विचारेल. उकिरडा म्हणजे टाकाऊ, हा शहरातला हिशेब. तिकडे उकिरडा ही ठेव असते. वर्षभर साठवायचा, अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला उपसायचा, गाड्या भरून वावरात न्यायचा. अभिमन धुळ्याच्या मास्तराचा मुलगा, त्यानं उकिरडा चितारला होता, उपसला कधी नव्हता. वर जात्याच थट्टेखोर.

"अखाजीला!" तो हसत म्हणाला.

कुंदा हसली नाही. तिनं मान डोलावली आणि ते लक्षात ठेवलं.

हंगाम संपला तशी तिनं साऱ्या शेतकऱ्यांच्या केळीच्या वजनांच्या नोंदी एकेक करून उकिरड्यात नेऊन ठेवल्या. टाकल्या नाहीत, ठेवल्या. महिन्याभरानं संचालकांनी नोंदी मागितल्या, तेव्हा पुसलेल्या जागेवर नव्या नोंदी चढून गेल्या होत्या आणि परत काही मिळणार नव्हतं. अभिमनला बोलावणं आलं. धुळ्याच्या दोन सोसायट्या 'अंगण' घ्यायच्या विचारात होत्या. तो एवढंच बोलला, "यंत्राचा दोष नाही. नोंदी हातानं पुसल्या गेल्यात."

"भाऊ," कुंदा म्हणाली, "तुमीच सांगलं व्हतं ना, अखाजीले उपसू म्हनून?"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो माउसच्या वायरीचा गुंता सोडवत बसला.

पोरगी घरी गेली. पाठोपाठ बोभाटा झाला, की ट्रकवाल्या व्यापाऱ्यांनी वजनात मारलेला काटा लपवायला हिनंच नोंदी पुसल्या. हात ओले झाल्याशिवाय कोण असं करील? बेबाबाईच्या दारावरून जाणारे लोक तोंड फिरवून जाऊ लागले.

आणि अखाजीच्या दिवशी, भर दुपारच्या उन्हात, कुंदा एसटीनं जळगावला आली. अभिमननं क्लासच्या खिडकीतून तिला पाहिलं आणि दाराला आतून कडी घातली.

टक टक. जरा वेळानं पुन्हा, टक टक. शिकवलं होतं तसं, बरोबर दोनदाच.

"भाऊ... आज अखाजी व्हय. उकिरडा उपसून द्या ना." आणि बऱ्याच वेळानं, "भाऊ, घोटभर पानी तरी..."

माठ त्याच्या हाताशी होता. ज्या दिवशी सारा खानदेश मेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतो, त्या दिवशी त्यानं जित्या मुलीला पाणी दिलं नाही. ऊन कलेपर्यंत ती दाराबाहेरच्या पत्र्याच्या जिन्यावर बसून होती. परतीच्या एसटीत तिला ऊन लागल्याचं लोकांच्या लक्षात आलं, आणि रावेर यायच्या आतच ती गेली. कडी घातल्याचं अभिमननं कोणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. मनाला मात्र रोज सांगावं लागत होतं.

आता, सहा महिन्यांनी, नानांच्या फोनवरून तो रावेरला पोहोचला तेव्हा दिवस कलला होता. सोसायटीत नानांशिवाय कोणी नव्हतं. नानांनी लांबूनच पडद्याकडे बोट केलं.

नखाएवढा उकिरडा ओट्यापर्यंत आला होता. टोपल्या त्याच्याखाली गेल्या होत्या, कणगी निम्मी बुडाली होती. अभिमननं तो एकेक ठिपका मोजून काढलेला, त्याला वाढता येईल अशी एक ओळही त्यानं लिहिली नव्हती. वाळवी लागल्यासारखे ठिपके हळूहळू सरकत होते. आणि बंद खोलीत वास येत होता... शेणाचा, कुजलेल्या पाल्याचा, उकिरडा फोडल्यावर आतून येतो तो गरम वास.

"आमी हात नाही लावला," नाना म्हणाले. "मी दारात पणती लावून येतो." आणि ते गेले ते लगेच काही आले नाहीत.

टक टक.

अभिमननं दाराकडे पाहिलं. दार सताड उघडं होतं आणि उंबऱ्यावर कोणीही नव्हतं. आवाज पडद्याकडून येत होता. टक टक. पडद्याच्या आतल्या बाजूनं.

त्यानं खुर्ची मागे सरकवली. पण या वेळी मध्ये कडी नव्हती. त्यानं बाण उकिरड्यावर नेला आणि माउस दोनदा दाबला. उकिरडा उघडत नाही, उघडायची सोयच नव्हती. तो उघडला. मधोमध एक पाटी आली, अभिमननं हौसेपायी काढून टाकलेली तीच पाटी. तिच्यावरचा प्रश्न मात्र त्याचा नव्हता.

'उपसू का?'

खाली एकच बटण होतं, 'हो'.

त्यानं ते दाबलं. मग नोंदी वर येऊ लागल्या. गेल्या हंगामाच्या, शेतकऱ्यागणिक, वजनासकट, एकही कमी नाही. जसजशा त्या टोपल्यांत जाऊन बसत होत्या, तसतसा उकिरडा खाली बसत होता. शेवटी तो पुन्हा नखाएवढा झाला. अभिमनचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

नाना पणतीचं ताट घेऊन आले आणि बघतच राहिले. "सापडलं? बठ्ठं? समदं? अभिमनराव, त्या पोरीनं घालवलेलं तुम्ही आणलं!"

अभिमन खुर्चीतून उठला. "तिनं घालवलं नाही, नाना. अखाजीला उपसू, असं मीच तिला म्हणालो होतो. थट्टेत. तिनं जपून ठेवलं होतं."

नानांनी पणतीचं ताट टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "हे तिच्या मायले सांगा. माझ्यासंगं चला."

वाटेत अभिमनला हलकं वाटत होतं. सांगून टाकलं, सुटलो, असं. दाराचं सांगायची काय गरज? ते कोणालाच ठाऊक नाही.

बेबाबाई घरामागच्या उकिरड्यावर पणती ठेवत होती. दिवाळीत उकिरड्यालाही दिवा दाखवायची रीतच आहे. नानांनी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती, पण रडली नाही, की चकितही झाली नाही. पदराला हात पुसत ती अभिमनसमोर आली.

"मले ठाव हाये, भाऊ. कुंदा सांगून गेली ना दुपारी. म्हने, आज उपसनार. म्हने, भाऊ येतीन, उन्हातून येतीन, त्यायले पानी दे."

नाना दोन पावलं मागे सरले.

"मावशी..." अभिमननं हात जोडले.

"भाऊवर राग नको धरू म्हने, माय," बेबाबाई शांतपणे म्हणाली. "आत व्हते, पन भेले व्हते. कडी लावल्याचा आवाज मी ऐकला, म्हने."

तिनं ओट्याकडे हात केला. तिथं दोन तांबे ठेवलेले होते. एक काठोकाठ भरलेला. दुसरा रिकामा, आणि त्याच्या काठावरून पाण्याचा ओघळ अजून खाली येत होता.

"पे भाऊ," ती म्हणाली. "तिचं पिऊन झालं."