तिसऱ्या दिवसाचा फिल्टर

"मॅडम, हा फिल्टर माझा नाही," ऑपरेटर म्हणाला.

चिमट्यात धरलेला गोल कागद त्याने तपास अधिकारी बाईंपुढे केला. गच्चीवरच्या यंत्रात चोवीस तास हवा गाळून कालच उतरवलेला, अशी त्यावर नोंद होती. सलग तीन दिवस धुळीचा आकडा मर्यादेबाहेर गेला, की आणीबाणीचा आदेश काढावाच लागतो आणि शहरातल्या भट्ट्या बंद होतात. दोन दिवस गेलाच होता. तिसऱ्या दिवशी तो मर्यादेच्या केसभर खाली आला आणि भट्ट्या धडधडत राहिल्या. इस्पितळात एकेका खाटेवर दोन-दोन मुलं धापा टाकत होती. त्यांत ऑपरेटरची नातही होती.

"आकडा पटत नाही म्हणालो, तर निलंबन माझं. आमचे साहेब म्हणतात, तुम्ही यंत्र नीट चालवलं नाही."

बाईंनी आधीचे दोन फिल्टर मागवले. मध्ये काळी चकती, भोवती पांढरी कड. कालचा मात्र काठापर्यंत सारखाच करडा.

"उतरवल्यावर कुठे ठेवलात?"

"वजनाच्या खोलीत, कपाटात. कुलूप लावून. तिथेच फिल्टरवरची धूळ तोलून आकडा काढतात."

"किल्ल्या?"

"दोन. एक माझी, एक साहेबांची."

साहेब आले ते कपाळाला आठ्या घालूनच. "चोराच्या उलट्या बोंबा. याचं काय ऐकता?"

"साहेब, हे यंत्र तुम्ही कधी उघडलंय?"

"ते माझं काम नाही. गच्चीवर जायला मला वेळ आहे का?"

"तेच वाटलं." बाईंचा आवाज धारदार झाला. "यंत्रात फिल्टर रबरी कड्याखाली आवळतात. तिथून हवा जात नाही, म्हणून कड पांढरी राहते. हा कागद यंत्रात बसलेलाच नाही. कोऱ्या फिल्टरवर कुणीतरी हाताने धूळ चोळलीय. हे ऑपरेटर तर रोज फिल्टर बदलतात, ते कड विसरले नसते. शिवाय नात गुदमरत असताना आकडा खाली कशाला आणतील? किल्ली आहे, पण यंत्र पाहिलेलं नाही, असा माणूस इथे एकच."

साहेबांनी घाम पुसला. "भट्ट्या बंद केल्या की वरून किती फोन येतात, माहितीये? मला फक्त एक दिवस ढकलायचा होता."

"खरा फिल्टर कुठाय?"

"फाडला."

"मग नियम वाचा. नमुना मुद्दाम नष्ट केला, तर आकडा मर्यादेबाहेरचाच धरायचा. आदेशावर सही तुमचीच लागते. करा. चौकशी त्यानंतर."

साहेबांनी सही केली.

दुपारी पहिलं धुराडं थंडावलं. ऑपरेटर नातीच्या खाटेशी बसून ते काचेतून बघत होता. खिडकी उघडण्याजोगी हवा व्हायला अजून दोन दिवस होते. काल आदेश निघाला असता, तर एकच उरला असता.